दोनशे तासांच्या लायसन्सवर पहिली नोकरी: विदर्भातल्या खेड्यात राहून करायची तयारी

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. कमर्शियल पायलट लायसन्स घेऊन गावी परतलो तेव्हा वावरात पऱ्हाटीला पात्या धरत होत्या. त्यानंतर दोन हंगाम निघून गेले आणि तिसऱ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर पहिलं नेमणूकपत्र आलं. मधल्या काळात पारावर भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "काऊन बापू, इमान कधी उडवशीन?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण रात्री झोप लागत नाही.

आता आमच्याकडच्या चार-पाच मुलामुलींचे फोन येतात. गोंदियाजवळच्या बिरसीत सीएई कंपनीची प्रशिक्षण संस्था आहे, नागपूर फ्लाइंग क्लब आहे, महाज्योतीसारख्या सरकारी संस्थांच्या योजनांमधून ओबीसी आणि भटक्या-विमुक्त समाजातली मुलंही या क्षेत्रात येऊ लागली आहेत. लायसन्सपर्यंत कसं पोचायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. लायसन्सनंतर काय करायचं हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. जागा निघते तेव्हा अर्जाला कधीकधी आठवडाही मिळत नाही. त्या दिवशी ज्याचे सगळे कागद चालू असतात आणि ज्याचा अभ्यास ताजा असतो, तो पुढे जातो. वाट पाहण्याच्या काळातलं खरं काम हेच.

आधी बाजार समजून घ्या

पेपरात "देशात वैमानिकांचा तुटवडा" असं छापून येतं आणि घरचे म्हणतात, मग तुला का घेत नाहीत? तुटवडा मुख्यतः कॅप्टनचा असतो. २०२३ मध्ये डीजीसीएने, म्हणजे लायसन्स देणाऱ्या केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, १,६२२ कमर्शियल लायसन्स दिली, आदल्या वर्षी १,१६५ दिली होती. हे सगळे साधारण दोनशे तासवाले, म्हणजे तेवढेच तास उडवलेले. त्यांना उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट म्हणून, घ्यायचं तर शिकवायला डाव्या सीटवर अनुभवी कॅप्टन लागतो, सिम्युलेटरची वेळ लागते आणि विमानही लागतं. एअर इंडियाने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमानांची घोषणा केली, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची ऑर्डर दिली. पण ही विमानं वर्षानुवर्षं थोडीथोडी येणार, आणि भरतीही तशीच लाटांनी येते.

दुसरी गोष्ट, इंटरनेटवरच्या सल्ल्याची. तो बहुतांश अमेरिकन असतो. तिथे २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही सर्वसाधारणपणे १५०० तास लागू लागले. म्हणून तिथली मुलं जाहिरातीचे फलक ओढतात, पाइपलाइनवर टेहळणी करतात, पिकांवर फवारणीची विमानं उडवतात आणि तास जमवतात. आपल्याकडे दोनशे तासांवर थेट एअरलाइनमध्ये जाता येतं, पण ती मधली छोटी कामं जवळजवळ नाहीत. त्यामुळे "आधी तास वाढव" हा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. स्वतःच्या पैशाने शंभर तास जास्त उडवले म्हणून इथे फारसं कुणी विचारत नाही.

पहिली पायरी: फाइल

गावी परतल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत हे काम संपवा. एक जाड फाइल आणि फोनमध्ये तिची स्कॅन केलेली प्रत. त्यात लायसन्स, एफआरटीओएल आणि आरटीआर ही रेडिओवर बोलण्याची प्रमाणपत्रं, क्लास वन मेडिकल (वैमानिकाची वैद्यकीय तपासणी), इंग्रजी प्रावीण्याची नोंद, मल्टी इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे (बाहेर दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवण्याच्या परवानगीचे) कागद, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पासपोर्ट आणि लॉगबुकचं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीचं, प्रत्येक पान. डीजीसीएने २०२५ च्या फेब्रुवारीपासून इलेक्ट्रॉनिक लायसन्स सुरू केलं आहे, त्यामुळे ईजीसीए या त्यांच्या पोर्टलवरचं तुमचं खातं आणि त्यातला मोबाइल नंबर चालू ठेवा. गावातलं सिम बंद पडलं आणि ओटीपी त्यावरच जातोय, ही अडचण मी स्वतः भोगली आहे.

आपल्याकडच्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ नावात जातो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. लॉगबुकवर मधलं नाव गायब. मुलाखतीच्या टेबलावर हे समजावत बसू नका. आत्ताच प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातला बदल, जे लागेल ते करून सगळीकडे एकच नाव आणा. बोर्डाच्या गुणपत्रिकेची पडताळणी राहिली असेल तर तुमच्या जिल्ह्याप्रमाणे अमरावती किंवा नागपूर विभागीय मंडळात एक चक्कर मारून या.

लॉगबुक पानापानाने पुन्हा जोडा. पायलट-इन-कमांडचे (विमानाची जबाबदारी तुमच्याकडे असतानाचे) तास, क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दुसरीकडे उडण्याचे तास), रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंटचे तास वेगळे काढा आणि संस्थेच्या नोंदींशी ताडून पाहा. बेरीज चुकली असेल तर संस्थेकडून रीतसर दुरुस्ती करून घ्या, स्वतः खाडाखोड करू नका. न उडवलेला तास लिहून देतो म्हणणारा माणूस भेटला तर तिथून उठून या. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवल्याची प्रकरणं उघड झाली, लायसन्स गेली, अटका झाल्या. आणि खोट्या तासावर उद्या मागे दीडशे माणसं बसणार आहेत.

दुसरी पायरी: काहीही मरू द्यायचं नाही

भिंतीवरच्या कालनिर्णयावर मी लाल पेनाने दोन तारखा लिहिल्या होत्या. मेडिकल कधी संपतं आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग कधी संपतं. चाळिशीच्या आत क्लास वन मेडिकल बारा महिन्यांचं असतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणीही वर्षाने द्यावी लागते. लायसन्सची मुदत २०२३ च्या बदलानंतर पाचाऐवजी दहा वर्षं झाली आहे, त्यामुळे अनेकांना वाटतं आता निवांत. पण मेडिकल संपलेलं असेल तर दहा वर्षांच्या लायसन्सचा काही उपयोग नाही.

मेडिकलची तारीख संपायच्या दोन महिने आधी वेळ घ्या. विदर्भातल्या मुलांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली, पाणी. आपल्या उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी पडून मूत्रपिंडात खडे होणारे खूप आहेत आणि सोनोग्राफीत खडा दिसला तर उपचार होऊन तपासणी साफ येईपर्यंत तात्पुरतं अनफिट करतात. दुसरी, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. रिकामपणात मित्रांबरोबर टपरीवर बसून ही सवय लागते. सोडा, आजच सोडा. घरच्या फवारणीला जाऊ नका असं म्हणणार नाही, पण हातमोजे, मास्क आणि गॉगलशिवाय जाऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तो काळ मी जवळून पाहिला आहे.

उडण्याचा हात पूर्ण जाऊ नये म्हणून वर्षातून थोडे तास तरी जवळच्या फ्लाइंग क्लबमध्ये उडवा. रेटिंगचं नूतनीकरण आणि ही उड्डाणं एकाच वेळी ठेवली तर राहण्या-जाण्याचा खर्च एकदाच होतो.

तिसरी पायरी: टाइप रेटिंगचा निर्णय

हा भाग सावकाश वाचा आणि जमलं तर वडिलांनाही वाचून दाखवा.

टाइप रेटिंग म्हणजे एका विशिष्ट विमानासाठीचं प्रशिक्षण. आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग प्रत्यक्ष विमानावरची लँडिंग्ज. खर्च दहा लाखांच्या वर जातो. इंडिगो आणि एअर इंडियाकडे एअरबस ए३२० कुटुंब आहे. एअर इंडिया एक्स्प्रेस, आकासा आणि स्पाइसजेटकडे बोइंग ७३७ आहे. एटीआर ७२ हे पंख्याचं छोटं विमान अलायन्स एअर, फ्लाय९१ आणि इंडिगोकडे आहे. म्हणजे एक टाइप निवडलात की बाकीच्या कंपन्यांची दारं तात्पुरती लोटली जातात.

नोकरीचं पत्र हातात नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कारणं सांगतो. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज थांबली आणि ७३७ चा अनुभव असलेले शेकडो वैमानिक बाजारात आले. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा ए३२० वाल्यांचं तेच झालं. अशा वेळी टाइप रेटिंग केलेल्या पण टाइपवर शून्य तास असलेल्या मुलासमोर हजार-दोन हजार तासवाले उभे राहतात. शिवाय रेटिंग तसंच पडून राहत नाही. ते चालू ठेवायला पुन्हा सिम्युलेटर चाचणी, पुन्हा पैसे. माझ्याबरोबरच्या एकाने तीन एकर विकून रेटिंग केलं आणि कुठेही न उडवता दोनदा त्याचं नूतनीकरण केलं.

याची दुसरी बाजूही खरी आहे. काही भरत्या फक्त टाइप रेटेड उमेदवारांसाठीच निघतात. घरात खरोखर बाजूला काढलेला पैसा असेल, भरती चालू असेल आणि त्या टाइपवर आत्ता मुलं घेतली जात असल्याचं आत काम करणाऱ्या दोघा-तिघांनी सांगितलं असेल, तर विचार करा. कर्ज काढून किंवा जमीन विकून मात्र नको.

कर्जाबद्दलही माहीत असू द्या. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं, त्यावर बँक तारण मागते. आणि सातबारा पुढे केला की बँकेचा माणूस मान हलवतो. सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली शेतजमीन जप्त करता येत नाही, म्हणून बँका या कर्जाला ती धरायला तयार नसतात. त्यांना एनए प्लॉट किंवा कागद स्वच्छ असलेलं घर हवं असतं. गावठाणातल्या घराला नमुना आठ असतो, तेवढ्याने सहसा भागत नाही. स्वामित्व योजनेत तुमच्या गावाचं ड्रोन सर्वेक्षण झालं असेल तर प्रॉपर्टी कार्ड काढून ठेवा आणि ते चालतं का हे शाखेत विचारा. बँक नाही म्हणाली म्हणून सावकाराकडे जाऊ नका. आपल्या भागाला त्याचा अर्थ सांगायची गरज नाही.

चौथी पायरी: अर्ज कुठे करायचा

पहिलं लक्ष्य अर्थातच मोठ्या एअरलाइन्स. त्यांच्या करिअरच्या पानांवर खातं उघडा, माहिती भरून ठेवा आणि दर सोमवारी सकाळी तपासा. मी वार ठरवला होता कारण रोज पाहिलं की मन खचतं आणि कधीतरी पाहिलं की तारीख हुकते.

छोट्या कंपन्यांना कमी लेखू नका. प्रादेशिक मार्गांवरच्या एटीआरवर दिवसाला चार-चार लँडिंग होतात, हाताने उडवायला भरपूर मिळतं. अलायन्स एअरने १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू केली, तेव्हा ती एटीआर उतरताना पाहायला आसपासच्या गावांतून माणसं आली होती. चार्टर आणि एअर अॅम्ब्युलन्सवाल्या कंपन्या बहुधा जास्त तास मागतात, पण दोन वैमानिकांच्या किंग एअरसारख्या विमानांवर कधीतरी नवा को-पायलट घेतात. तिथली जागा जाहिरातीत क्वचित येते, ओळखीतून कळते.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित रस्ता म्हणजे इन्स्ट्रक्टर. कमर्शियल लायसन्सवर असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घेता येतं. पगार सुरुवातीला थोडा, उन्हात आणि धुळीत काम, पण तास कमांडचे मिळतात आणि दुसऱ्याला शिकवताना आपलंच ज्ञान पक्कं होतं. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीला वर्षाला १८० वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा केली. अशा संस्थांना विद्यार्थ्यांइतकेच शिकवणारे लागतात. घरापासून दोन तासांवर उडवण्याची नोकरी विदर्भातल्या मुलांना यातून मिळू शकते.

बायोडेटा एक पानाचा ठेवा. सगळ्यात वर एकूण तास, कमांडचे तास, मल्टी इंजिनचे तास, शेवटचं उड्डाण कधी, मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग कधीपर्यंत. बघणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत हेच हवं असतं. शेतीत काम केलंय, ट्रॅक्टर दुरुस्त करता येतो, हे लपवू नका. माझ्या मुलाखतीत दहा मिनिटं त्यावरच गेली आणि डिझेल इंजिनपासून टर्बोप्रॉपपर्यंत गप्पा पोचल्या.

ओळख म्हणजे वशिला नव्हे. संस्थेतले सीनियर, बॅचचे मित्र, जुने इन्स्ट्रक्टर यांना दोन-तीन महिन्यांनी साधा फोन करा. "दादा, नमस्कार, माझं मेडिकल नुकतंच झालं, सगळं चालू आहे, काही कळलं तर सांगाल का?" एवढंच. उलट "अमुक साहेबांशी बोलणं झालंय, पाच लाख द्या, सीट पक्की" असं म्हणणारे भेटतील. एअरलाइन उमेदवाराकडून कुणाच्या खासगी खात्यात पैसे घेत नाही. शंका आली तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा पत्ता शोधून तिथे विचारा.

पाचवी पायरी: गावात बसून अभ्यास

सकाळी सहा ते नऊ हा माझा वेळ होता, वीज असो नसो. कापूस ठेवायच्या खोलीत भिंतीवर कॉकपिटचं मोठं चित्र चिकटवलं होतं. समोर खुर्ची टाकून बसायचं आणि टॅक्सीपासून लँडिंगपर्यंत प्रत्येक हालचाल हाताने करायची, प्रत्येक कॉल तोंडाने मोठ्याने म्हणायचा. आई आधी घाबरली, मग रोज चहा तिथेच आणून ठेवू लागली.

रोज नागपूरचा हवामान अहवाल काढा, त्याचा कोड व्हीएएनपी. तो उलगडा, मग आभाळाकडे पाहा आणि जुळतंय का ताडा. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा विदर्भावरून सरकतो तेव्हा ढगांचा तळ कसा खाली येतो, एप्रिलच्या दुपारी वीज-गारांचं वादळ किती झटपट उभं राहतं, हे तुम्ही अंगणातून पाहता. मुलाखतीत पुस्तकातली व्याख्या सगळेच सांगतात.

अभ्यास आपल्या भागाशी जोडायचा म्हणजे काय, त्याचं एक उदाहरण. नागपूर विमानतळाची उंची सुमारे १००० फूट. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश आणि दर हजार फुटांना साधारण दोन अंश घट, म्हणजे तिथे १३ अंश असायला हवेत. मे महिन्यात ४५ असतात. फरक ३२ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले तर ३८४० फूट वाढतात आणि घनता-उंची जवळपास ४८०० फुटांवर जाते. म्हणजे रनवे हजार फुटांवर असला तरी इंजिन आणि पंख पाच हजार फुटांवर असल्यासारखे वागतात. धावण्याचं अंतर वाढतं, चढण्याचा दर कमी होतो. हा हिशेब कागदाशिवाय करता आला पाहिजे आणि "मग तुम्ही काय कराल?" याचं उत्तर पाहिजे: वजन कमी, लांब रनवे, सकाळची वेळ.

एटीपीएलच्या, म्हणजे एअरलाइनचा कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याच्या, लेखी परीक्षा या काळात देऊन टाका. तो परवाना १५०० तासांनंतरच मिळतो, पण अभ्यास ताजा राहतो आणि मुलाखतीत त्याचं वजन पडतं.

इंग्रजीचा न्यूनगंड बाळगू नका, पण सराव करा. आपण वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकतो, रेडिओवर ते ऐकू जात नाही. मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. उच्चार विदर्भाचा राहिला तरी चालतो, शब्द तुटक आणि स्पष्ट हवेत.

सहावी पायरी: निवडीचे दिवस

साधारण क्रम असा: लेखी परीक्षा, संगणकावरची क्षमता आणि मानसिक कल चाचणी, गटचर्चा किंवा मुलाखत, काही ठिकाणी सिम्युलेटर. संगणक चाचणीत एका हाताने विमान सरळ ठेवायचं आणि त्याच वेळी आकडेमोड किंवा ऐकू येणारे आकडे लक्षात ठेवायचे असतात. जॉयस्टिक घेऊन महिनाभर रोज वीस मिनिटं सराव केला तर फरक पडतो. तालुक्याच्या सायबर कॅफेत बसूनही मी हा सराव केला आहे.

सिम्युलेटर चाचणी असेल तर आधी दोन-चार तास भाड्याने घ्या. इथे खर्च करा, हा खर्च वाया जात नाही. चाचणी घेणारा परिपूर्ण लँडिंग शोधत नसतो. चूक झाल्यावर तुम्ही ती बोलून दाखवता का, दुरुस्त करता का आणि बाजूच्या माणसाचं ऐकता का, हे तो पाहतो.

निवड बहुतेकदा दिल्ली-गुरुग्रामकडे असते. नागपूरहून रेल्वे उशिरा पोचू शकते, म्हणून एक दिवस आधी पोचा. थंडीत तिथलं धुकं आपल्याकडच्यासारखं नसतं.

नकार आला तर त्याच रात्री विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा. माझ्या पहिल्या दोन नकारांच्या वहीतले सात प्रश्न तिसऱ्या वेळी पुन्हा आले. किती महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो तेही विचारून घ्या.

दरम्यान पोटापाण्याचं

कोचिंग क्लासमध्ये नेव्हिगेशन किंवा हवामानशास्त्र शिकवणं सगळ्यात चांगलं, कारण तो तुमचाच अभ्यास आहे. विमानतळावरच्या ऑपरेशन्स आणि डिस्पॅचच्या (उड्डाणाची आखणी करण्याच्या) कामात राहिलात तर माणसं आणि कार्यपद्धती कळतात. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग झालं असेल तर विमानतळ प्राधिकरणाची हवाई वाहतूक नियंत्रकाची परीक्षा जरूर द्या. माझा एक मित्र तिकडे गेला आणि तिथेच समाधानाने राहिला.

आपल्या भागात आता ड्रोन फवारणीचं काम आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेत छोटं प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळतं. कपाशी-तुरीच्या हंगामात चार पैसे सुटतात. फक्त ते तास वैमानिकाच्या लॉगबुकात मोजले जात नाहीत, कुणी मोजतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

पत्र आल्यावर

सही करायच्या आधी पत्र दोन दिवस घरी ठेवा आणि एखाद्या वकिलाला दाखवा. टाइप रेटिंगचा खर्च कोण करणार, बाँड किती वर्षांचा आणि किती रकमेचा, प्रशिक्षणात नापास झालात तर पैशाचं काय, प्रशिक्षणकाळात भत्ता मिळणार का, हे चार प्रश्न लेखी विचारा. को-पायलटला नोकरी सोडताना सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हेही आधीच माहीत असू द्या. मूळ कागद कुणी ठेवून घेतो म्हणालं तर देऊ नका, प्रती द्या.

विमानतळाच्या प्रवेशपत्रासाठी पोलिस पडताळणी होते आणि ती तुमच्या गावच्या ठाण्यातूनही जाऊ शकते. पोलिस पाटलांना आधीच भेटा, घरी कोण असेल ते सांगून ठेवा. माझ्या वेळी हवालदार आले तेव्हा सगळे तुरीच्या शेंगा तोडायला वावरात होते, घराला कुलूप होतं आणि रुजू व्हायची तारीख अकरा दिवसांनी पुढे गेली.